सर्व्हेवाला पुन्हा येईल तेव्हा काय सांगायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

यावल तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. घरची चार एकर शेती आहे, दोन एकर केळी आणि बाकी कापूस. पोळ्याच्या आठवड्यात केंद्र सरकारच्या रोजगार पाहणीचा माणूस टॅब घेऊन ओट्यावर बसला. मिस्टर वावरात होते आणि थोरला मुलगा अभ्यासिकेत, म्हणून सगळ्यांची उत्तरं ताईंनीच दिली. मुलगा पंचवीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर. पुण्यातलं रूमभाडं परवडेना म्हणून गेल्या दिवाळीला घरी आला, आता स्पर्धा परीक्षा देतोय. ताईंनी सांगितलं, "शेतात मदत करतो." सून एम.ए. आहे. तिच्याबद्दल सांगितलं, "घरीच असते, म्हशीचं बघते." त्या माणसाने दोघांनाही काम करणाऱ्यांत धरलं आणि पुढचे तीन महिने परत येईन असं सांगून गेला.

पुढच्याच आठवड्यात बेरोजगारी कमी झाल्याची बातमी आली आणि घरात वाद पेटला. मिस्टर म्हणतात, आकडे खोटे आहेत, पुन्हा आला तर दार लावून घे. मुलगा म्हणतो, या वेळी मला बेरोजगारच लिहायला लाव. सुरतला दुकान असलेले दीर म्हणतात, कामं भरपूर आहेत, नवीन पीएफ खाती बघा किती उघडताहेत, पोरांनाच काम नको. इकडे पतसंस्थेत सोनं तारण ठेवून मुलाला आणखी एक वर्ष पुण्याला पाठवायचा विचार चाललाय. ताईंचे प्रश्न तीन: मोजणीच खोटी आहे का? सर्व्हेवाल्याला काय सांगू? आणि मुलाला पाठवू की नको?

उत्तर

ताई,

सर्व्हेवाला महिन्याभरात दारात येईल, म्हणून आधी त्याचंच बोलू.

ही पाहणी म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, वर्तमानपत्रं ज्याला पीएलएफएस म्हणतात ते. एप्रिल २०१७ पासून ते चालू आहे. जानेवारी २०२५ पासून त्याची पद्धत बदलली. निवडलेल्या घरात आता लागोपाठ चार महिने, महिन्यातून एकदा भेट होते. पहिल्या भेटीत गेल्या ३६५ दिवसांचंही विचारतात आणि गेल्या सात दिवसांचंही. पुढच्या तीन भेटींत फक्त सात दिवसांचं. हे सात दिवस म्हणजे भेटीच्या आदल्या दिवसापर्यंतचे.

टॅबमध्ये प्रत्येक माणसासमोर एक सांकेतिक अंक पडतो. स्वतःचा धंदा किंवा शेती करणाऱ्याला ११, पगारी नोकराला ३१, रोजंदारी मजुराला ५१. घरच्या शेतीत किंवा दुकानात पैसे न घेता हातभार लावणाऱ्याला २१. काम नाही पण शोधतोय, अशाला ८१. शोधत नाही पण मिळालं तर करायला तयार आहे, अशाला वर्षाच्या हिशोबात ८१च, सात दिवसांच्या हिशोबात ८२. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्याला ९१, फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. तुमच्या "शेतात मदत करतो" या तीन शब्दांचे २१ झाले. त्या माणसाने खोटं लिहिलं नाही. नियमच असा आहे की सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी तो माणूस त्या आठवड्यापुरता काम करणारा धरायचा. बाकीचा आठवडाभर त्याने अर्ज भरले असतील, तरी कामाचा एक तास वरचढ ठरतो.

सुनेचं तर आणखी बारीक आहे. दूध डेअरीला जात नसेल, सगळं घरातच संपत असेल, तरी म्हैस पाळणं आणि धार काढणं हे या मोजणीत आर्थिक काम आहे, कारण त्यातून प्राथमिक उत्पादन होतं. तिने उन्हाळ्यात घरापुरते उडदाचे पापड लाटले तर ते मात्र काम धरत नाहीत, कारण घरच्या वापरासाठीची प्रक्रिया मोजायची नाही असा नियम आहे. तेच पापड विकले तर धरतात. म्हणजे एम.ए. झालेली सून म्हशीमुळे रोजगारात आली, पापडामुळे आली नसती. आंतरराष्ट्रीय श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या परिषदेने स्वतःच्या घरासाठीचं उत्पादन रोजगारातून वेगळं काढायचं ठरवलं. आपली पाहणी अजून जुन्या व्याख्येवर चालते. दुसऱ्या देशाचा दर आणि आपला दर शेजारी ठेवून कोणी काही सिद्ध करत असेल, तर हा फरक ध्यानात ठेवा.

आता मुलाचं म्हणणं. त्याचा राग मला समजतो, पण "मला बेरोजगारच लिहा" असं सांगू नका. त्या सात दिवसांत त्याने ठिबकचे वॉल फिरवले असतील, केळीची पिलं कापली असतील, तर ते काम झालं. ते लपवलं तर मिस्टर ज्या खोट्या आकड्यांवर चिडलेत, त्यांतच एक आपण घालू. आणि लपवायची गरजही नाही. या पाहणीत कामाच्या सातही दिवसांचे तास वेगवेगळे लिहिले जातात. त्यापुढे असंही विचारतात, की आणखी काम मिळालं असतं तर किती तास करायला तयार होता? मोघम उत्तर दिलं की हा रकाना वाया जातो. तुमच्या घरात नेमकं तेच झालं.

म्हणून पुढच्या भेटीआधी एवढं करा. घराघरात दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर लटकलेलं असतं, त्याच्याच चौकटीत मुलाने रोजचे तास लिहावेत. सोमवारी दोन, मंगळवारी शून्य, बुधवारी तीन, असे. सुनेनेही लिहावेत. सर्व्हेवाला आला की ज्याचं त्याने सांगावं. घरातला एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देऊ शकतो अशी सोय आहे, पण आई मुलाच्या तयारीचे तास कुठून सांगणार? तो अभ्यासिकेत असेल तर फोन करून बोलवा, किंवा सर्व्हेवाल्याला संध्याकाळची वेळ द्या. मुलाचं उत्तर साधारण असं असावं: "गेल्या सात दिवसांत घरच्या शेतात एकूण दहा तास काम केलं, मजुरी घेतली नाही. आणखी पस्तीस-चाळीस तास काम करायची तयारी आहे." एखाद्या आठवड्यात तो वावरात पाय ठेवणार नाही, परीक्षेची गडबड असेल. तेव्हा सांगायचं, "काम केलं नाही, मिळालं तर करायला तयार आहे." तिथे ८१ किंवा ८२ पडायला हवा. फक्त "शिकतोय" म्हणून थांबलात तर तो ९१ मध्ये जाईल, म्हणजे नोकरी करणाऱ्यांतही नाही आणि शोधणाऱ्यांतही नाही. खासगी अभ्यासिकेत बसणं म्हणजे शिक्षणसंस्थेत प्रवेश नव्हे. प्रवेश घेतलेला नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

सुनेला माझा वेगळा आग्रह आहे. तिला कोणी विचारलंच नाही. तिला नोकरी करायची आहे का, हे तिच्या तोंडून येऊ द्या. "घरीच असते" हे सासूने दिलेलं उत्तर आणि "तालुक्यात शिकवायला मिळालं तर आठवड्याला तीस तास जाईन" हे तिचं स्वतःचं उत्तर, यांत फार अंतर आहे.

दार लावून घ्यायचा सल्ला मात्र ऐकू नका. देशभर सुमारे २ लाख ७२ हजार घरं या पाहणीत घेतात. घरं ३० कोटींच्या आसपास आहेत असं धरलं, तर एका घराच्या उत्तरामागे सरासरी हजार-अकराशे घरं उभी असतात. शिकलेला, घरी बसलेला मुलगा ज्या घरात आहे त्या घराने दार लावलं, तर तसल्या घरांचं वजन कमी होतं आणि दर आणखी गोंडस दिसतो. राग ज्याच्यावर आहे त्यालाच मदत होते.

एक भीती पत्रात लिहिलेली नाही, पण गावोगाव असते: कमाई सांगितली तर रेशन जाईल, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये बंद होतील. या पाहणीचा आणि पात्रतेच्या याद्यांचा संबंध नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ प्रमाणे घराघरातून घेतलेली माहिती सांख्यिकी कामासाठीच वापरायची असते. आलेल्या माणसाचं ओळखपत्र जरूर बघा. पुढच्या भेटीसाठी तो फोन नंबर मागू शकतो. पण ओटीपी, बँक खातं, एटीएमचा नंबर कोणी मागितला तर तो सर्व्हेवाला नाही, त्याला ओट्यावरूनच परत पाठवा.

मोजणी खोटी आहे का, या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण तुमच्या घरासारखे वाद चोपड्यात, साक्रीत, शहाद्यात, सगळीकडे चालू आहेत.

संशयाला कारण घडलं होतं. २०१७-१८ चा पहिला अहवाल तयार असूनही रोखून धरला गेला. त्यावरून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि आणखी एक सदस्य राजीनामा देऊन बाहेर पडले. लोकसभा निवडणूक झाल्यावर ३१ मे २०१९ ला अहवाल जाहीर झाला आणि त्यात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के निघाला. मिस्टरांना हे आठवत असेल तर त्यांचं चुकत नाही. पण याच घटनेची दुसरी बाजूही धरायला हवी. सरकारला नको असलेला तो ६.१ याच कार्यालयाच्या माणसांनी दारोदार फिरून काढला होता. वरून सांगितला तोच आकडा ते लिहितात असं असतं, तर दडवावं असं काही निघालंच नसतं. शिवाय या पाहणीची मूळ माहिती, नावं-पत्ते काढून, सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. विद्यापीठातला कोणीही संशोधक ती उतरवून घेऊन दर पुन्हा काढू शकतो, आणि सरकारवर टीका करणारे अर्थतज्ज्ञही आपले लेख त्याच माहितीवर लिहितात.

मग तुमच्या ओट्यावरचं चित्र आणि बातमीतला आकडा जुळत का नाहीत? पहिलं कारण म्हणजे बेरोजगारीचे दर दोन आहेत आणि बातम्या कधी हा घेतात, कधी तो. वर्षाच्या हिशोबाचा 'नेहमीची स्थिती' हा दर २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के होता. सात दिवसांच्या हिशोबाचा दर, पंधरा वर्षांवरच्यांचा, त्याच वर्षी ४.९ होता. दोन्ही खरे. एप्रिल २०२५ पासूनचे मासिक आकडे सात दिवसांचे आहेत. २०२३-२४ च्या ३.२ शेजारी एप्रिल २०२५ चा महिन्याचा ५.१ ठेवून बेरोजगारी वाढली म्हणणं चूक, आणि उलट्या क्रमाने ठेवून घटली म्हणणंही तितकंच चूक.

वर्षाचा दर इतका लहान का, हे तुमच्या मुलावरच लावून बघू. वर्षातला जास्त काळ तो काम शोधत किंवा कामाला तयार होता, म्हणून त्याची मुख्य स्थिती बेरोजगार. इथपर्यंत ठीक. पण मग दुय्यम काम विचारतात: वर्षभरात सगळे मिळून ३० दिवस तरी काही काम केलं का? कापूस वेचणी, केळीची कापणी, खताच्या गोण्या असं धरून त्याचे ३० दिवस सहज भरतात. ते भरले की मुख्य आणि दुय्यम मिळून काढलेल्या दरात तो रोजगारात गेला. बातमीतला ३.२ हा तोच दर. शेती असलेल्या घरातला तरणा मुलगा वर्षात ३० दिवससुद्धा वावरात गेला नाही, असं खानदेशात क्वचितच घडतं. म्हणून हा दर आपल्याकडे नेहमीच लहान येणार, सरकार कुठलंही असो.

दुसरं कारण भागाकारात आहे. बेरोजगारीचा दर लोकसंख्येवर काढत नाहीत, काम करणारे अधिक शोधणारे यांच्यावर काढतात. गावात शंभर प्रौढ आहेत, ५७ कामावर, ३ शोधात. साठांत तीन, म्हणजे ५ टक्के. तिघांपैकी दोघं कंटाळून "आता नको काही" म्हणाले, तर ५८ मध्ये एक, म्हणजे १.७ टक्के. कामावर तेव्हाही ५७ आणि आताही ५७. म्हणून शंभरांत कामावर किती, हा आकडा आधी बघायचा.

पण इथेच एक लोकप्रिय समज मला खोडावा लागतो, मिस्टरांना आवडला नाही तरी. "लोकांनी काम शोधणं सोडलं म्हणून बेरोजगारी कमी दिसते" असं सगळे सहज म्हणतात. २०१७-१८ नंतरच्या आकड्यांत ते बसत नाही. पंधरा वर्षांवरच्या शंभरांत काम करणारे आणि शोधणारे मिळून तेव्हा ४९.८ होते, २०२३-२४ मध्ये ६०.१ झाले. प्रत्यक्ष कामावर असलेले ४६.८ वरून ५८.२ वर गेले. लोक कामाच्या बाजाराबाहेर गेले नाहीत, उलट आत आले. प्रश्न आहे तो कुठल्या कामात आले याचा.

काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले. त्यातही घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे, म्हणजे तुमच्या मुलाचा आणि सुनेचा तो २१, हे १३.६ वरून १९.४ टक्के झाले. पगारी नोकऱ्यांचा वाटा २२.८ वरून २१.७ वर आला. ढोबळ हिशोब मांडला तर, शंभर प्रौढांत कामावरचे साधारण साडेअकरा वाढले आणि त्यातले पाच बिनपगारी मदतनीस होते. तुमच्या घराला जे खुपतंय ते हे आहे आणि ते सरकारच्याच अहवालात छापलेलं आहे. फक्त मथळ्यात येत नाही.

कोरोनानंतरच्या सावरण्याचंही तसंच. एप्रिल ते जून २०२० मध्ये शहरांतला दर २०.८ टक्क्यांवर गेला होता. तिथून खाली आलेला प्रत्येक आकडा सुधारणाच दिसणार, आणि बरीचशी सुधारणा खरीही आहे. पण शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, टाळेबंदीनंतर २०२०-२१ मध्ये ४६.५ वर गेला आणि २०२३-२४ मध्येही ४६.१ होता. सुरतच्या उधना-लिंबायतमधून आणि पुण्यातून परत आलेली माणसं वावरात सामावली गेली, मोजणीत ती रोजगारात. पण चार एकरांत दोन माणसांच्या जागी तीन राबले म्हणून केळीचे घड वाढत नाहीत. याला छुपी बेरोजगारी म्हणतात. तुमच्याकडे ती आहे का, हे घरीच तपासता येतं. मुलाचे आठवड्याचे दहा तास काढून घेतले तर मजूर लावावा लागेल का? लागणार असेल तर त्याचं काम खरं आहे आणि त्याची मजुरी मिस्टरांनी त्याच्या हातात द्यायला हवी. कोणालाच लावावं लागणार नसेल, तर तो फक्त मोजणीत कामावर आहे.

बायकांच्या बाबतीत मी एकदम निकाल द्यायला धजणार नाही. ग्रामीण भागात पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमातला सहभाग २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला. यात ओढग्रस्तीने कामाला लागलेल्या आहेत, बचत गटातून धंदा सुरू केलेल्या आहेत, आणि आधीही म्हशीची धार काढत होत्या पण कोणी विचारत नव्हतं अशाही आहेत. तुमच्या सुनेची धार हे खरं काम आहे, ते मोजलं गेलं हे चांगलंच झालं. फक्त तिला नोकरी मिळाली असं त्यावरून कोणी म्हणू नये.

दीर पीएफच्या खात्यांचं बोलतात, त्यावर थोडक्यात. पीएफचा कायदा वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. एखाद्या कारखान्यात १८ होते, दोन वाढले, की जुने अठराही त्या महिन्यात नवे सभासद म्हणून येतात. त्यांची नोकरी आधीपासूनच होती, फक्त ती नोंदीत आली. ते चांगलं आहे, पण त्याला वीस नव्या नोकऱ्या म्हणता येत नाही. महिन्याचे आकडे नंतर बदलतातही. रोजगार केंद्रातल्या नोंदणीचा आकडा याच्या उलट बाजूने फसवतो. नोकरी लागलेले नाव काढायला जात नाहीत आणि खेड्यातले कित्येक नाव घालायलाच जात नाहीत.

"जळगाव जिल्ह्यात बेरोजगारी एवढे टक्के" असा आकडा कोणी पाठवला, तर तो कुठल्या पाहणीतला आणि किती घरांवरचा, हे आधी विचारा. २०२५ च्या आधीची पाहणी जिल्ह्याचा भरवशाचा दर देण्यासाठी आखलेलीच नव्हती. जळगाव, धुळे, नंदुरबार हे नाशिकसोबत एकाच विभागात धरले जात. आता नमुना जिल्हावार काढतात, तरी साधं गणित बघा: जिल्ह्यातून काम करणारी-शोधणारी ४५० माणसं नमुन्यात आली आणि दर ४ टक्के निघाला, तर तो खरा २ ते ६ मध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या नमुन्यावर ४ चा ३ झाला म्हणून आनंद करू नये आणि ५ झाला म्हणून रडू नये.

महिन्यांची तुलनाही सांभाळून करा. मासिक आकड्यांतून हंगामाचा परिणाम काढलेला नसतो. एप्रिल २०२५ ला ५.१, मे ला ५.६, ऑगस्टला परत ५.१. वैशाखात वावरं रिकामी असतात, पावसाळ्यात निंदणी-खुरपणी असते, दिवाळीच्या मागेपुढे कापूस. मे ची तुलना पुढच्या मे शीच करायची.

आता दिरांचं ते वाक्य, पोरांनाच काम नको. पंधरा ते एकोणतीस वयातला बेरोजगारीचा दर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिप्पट. पदवीधरांचा २०२२-२३ मध्ये १३.४. ज्याच्या घरी आज मजुरी नाही तर उद्या चूल नाही, तो बेरोजगार राहूच शकत नाही, मिळेल ते करतो. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती आकड्यात कामावर असतात. थांबून वाट बघणं ज्याला परवडतं तोच बेरोजगार म्हणून नोंदला जातो, आणि त्याला घरातले कामचुकार म्हणतात. डाळ मिलमध्ये डाळ निवडणारं सॉर्टेक्स मशीन आलं की माल वाढतो आणि डाळ निवडणारे हात कमी लागतात. त्यात त्या हातांचा आळस कुठे आला? सुरतच्या दुकानात माणूस मिळत नाही हे दिरांचं म्हणणंही खरं असेल. पण त्या कामाचा पगार आणि चार वर्षं इंजिनीअरिंग केलेल्या मुलाची अपेक्षा यांत अंतर आहे. त्या अंतरावर दोघांनी बसून बोलावं, शिव्या देऊ नयेत.

मुलाला पुण्याला पाठवायचं की नाही, हे देशाच्या आकड्यावरून ठरवू नका. ३.२ असो की १३.४, त्यातून तुमच्या मुलाचं उत्तर निघत नाही. त्यासाठी त्याच्या कॉलेजच्या हजेरीपटावरची ओळीने वीस नावं घ्या. आठवणीतून घेऊ नका, आठवणीत ज्यांचं बरं चाललंय तेच येतात. प्रत्येकाला फोन करून चार गोष्टी विचारा: आता कुठे आहेस, हातात किती पडतात, पास झाल्यावर किती महिन्यांनी लागलास, कंपनीच्या पटावर आहेस की ठेकेदाराच्या. दोन संध्याकाळींचं काम आहे. मुलाची ही खरी पाहणी.

मग खर्च. खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला साडेनऊ हजार लागतील असं तुम्ही लिहिलंय. वर्षाचे १ लाख १४ हजार होतात, वर सोनं तारणाचं व्याज. वीसपैकी बहुतेकांच्या हातात पडणाऱ्या पगारातून हे पैसे किती महिन्यांत फिटतील, ते त्याच वहीत मांडा. दोन वर्षांत फिटताना दिसत नसतील तर सोनं कपाटातच राहू द्या.

पाठवायचं ठरलं तर वर्षासाठी नको, चार महिन्यांसाठी पाठवा आणि अर्जांची नोंद ठेवायला सांगा. तीस अर्ज करून एकही बोलावणं आलं नाही, तर अर्जात किंवा निवडलेल्या जागांत चूक आहे, आणखी आठ महिने राहून ती सुधारत नाही. बोलावणी येतात पण निवड होत नाही, तर मुलाखतीची किंवा एखाद्या कौशल्याची कमी आहे. ती भरून काढता येते, तिथे आणखी चार महिने देण्यात अर्थ आहे. स्पर्धा परीक्षेची शेवटची तारीखही आत्ताच ठरवून लिहून ठेवा, निकालाच्या दिवशी ठरवायला बसू नका.

आणि पुण्याआधी जवळचं बघा. जळगाव एमआयडीसीत पाईप, चटई, ठिबकचे कारखाने आहेत. भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणी आहे, दीपनगरला औष्णिक केंद्र. अशा ठिकाणी अप्रेंटिसच्या जाहिराती निघतात. पदवी आणि पदविकावाल्यांसाठी केंद्राचं नॅट्स हे अप्रेंटिसचं पोर्टल आहे. पदवीनंतर किती वर्षांपर्यंत अर्ज करता येतो ती अट तिथे सगळ्यात आधी वाचा, कारण घरी बसण्यात ती मुदत निघून जाते. स्टायपेंड कमी असतो. पण मुक्काम घरी असला तर साडेनऊ हजार वाचतात आणि वर्षाच्या शेवटी हातात कामाचा दाखला असतो.

सर्व्हेवाल्याची चौथी भेट कापूस वेचणीच्या दिवसांत येईल. तेव्हा मुलाचे तास दहाचे तीसही झालेले असतील. कॅलेंडरवर जे लिहिलं असेल तेच त्याने सांगावं.